मेंदूत जंत निघाला, मग जंताचं औषध लगेच का देत नाहीत?

आधी प्रश्न नीट मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. २४ वर्षांच्या भावाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत एक छोटी गोल गाठ दिसली, डॉक्टर म्हणाले न्यूरोसिस्टिसर्कोसिस आहे, म्हणजे मेंदूत जंताची अळी. फिटची गोळी सुरू केली, पण जंताचं औषध काही दिलं नाही, उलट "आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या, स्टिरॉइड सुरू करू, मग बघू" असं सांगून घरी पाठवलं. घरात सगळे शाकाहारी, त्यामुळे हा जंत आला कुठून हेच कुणाला कळत नाही. आणि घरच्यांचं म्हणणं असं की जंतच आहे ना, मग मेडिकलमधून जंताची गोळी आणून देऊन टाकू, थांबायचं कशाला.

ती गोळी देऊ नका. बाकी सगळं खाली सांगतो, पण हे पहिलं, कारण या आजारात लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान घाईमुळे होतं. फिटचे पेशंट बघण्यात माझी सगळी प्रॅक्टिस गेली, त्यात हा आजार इतका कॉमन आहे की पहिलीच फिट आलेला तरुण पेशंट समोर बसला की डोक्यात येणाऱ्या पहिल्या दोन-तीन कारणांत हे असतंच. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की ज्या भागांत हा जंत पसरलेला आहे तिथल्या एपिलेप्सीच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे ३० टक्के केसेस याच्यामुळे असतात. म्हणजे भावाला काहीतरी विचित्र, दुर्मिळ झालंय असं बिलकुल नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी एकदा समजली की डॉक्टर असं का वागतायत ते आपोआप कळतं. मेंदूतली ही अळी जिवंत असते तेव्हा सहसा काहीच त्रास देत नाही. त्रास सुरू होतो ती मरायला लागल्यावर. लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की किडा आत वळवळतोय, मेंदू खातोय आणि म्हणून फिट येतेय. तसं काही नसतं. ती वळवळत फिरत नाही आणि मेंदू खातही नाही. पाण्याने भरलेली एक छोटी पिशवी असते, साधारण ५ ते २० मिलिमीटरची, आणि तिच्या आत भिंतीला चिकटलेलं जंताचं इवलंसं डोकं. ही पिशवी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते कारण ती स्वतःभोवतीची आपली प्रतिकारशक्ती दाबून ठेवते, शरीराला आपला पत्ताच लागू देत नाही. मग कधीतरी ती म्हातारी होते, कमकुवत होते, आतलं पाणी गढूळ होतं, भिंतीतून आतले पदार्थ बाहेर झिरपायला लागतात, आणि इतकी वर्षं झोपलेल्या प्रतिकारशक्तीला अचानक कळतं की अरे इथे तर परकं काहीतरी बसलंय. मग ती तुटून पडते. आजूबाजूला सूज येते, ती सूज मेंदूच्या पेशींना डिवचते आणि फिट येते. म्हणजे तुमच्या भावाला जी फिट आली ती बहुतेक करून त्या अळीच्या शेवटच्या दिवसांमुळे आली, आणि फिट आली तेव्हा तिचं मरण आधीच सुरू झालेलं होतं.

हे लक्षात घेऊन विचार करा, जंताचं औषध काय करणार? उरलीसुरली अळी झपाट्याने मारणार. मग सूज वाढणार की कमी होणार? वाढणार. म्हणून आधी फिटचं औषध, मग स्टिरॉइडचं, म्हणजे सूज दाबणाऱ्या औषधाचं कव्हर, आणि त्यानंतरच जंताचं औषध, तेही लागणार असेल तर. हा क्रम उगाच नाहीये.

डोळ्यांचं पण तेच. ही अळी मेंदूत जाते तशी कधी कधी डोळ्याच्या आतही जाऊन बसते, आणि पेशंटला ते माहीतही नसतं, किंवा एखादा डाग दिसतोय एवढंच वाटत असतं. अशा माणसाला जंताचं औषध दिलं आणि डोळ्यातली अळी तिथेच मेली तर त्या सुजेने नजर जाऊ शकते. मेंदूत सूज मावायला थोडी तरी जागा असते, डोळ्याच्या आत काय जागा असणार. डोळ्यातल्या अळीचा उपाय सहसा ऑपरेशन करून ती बाहेर काढणं हा असतो. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून मागचा पडदा बघायचा, साधी तपासणी आहे, अर्धा-एक तास जातो, थोडा वेळ अंधुक दिसतं. त्यासाठी चार दिवस थांबावं लागलं तर खुशाल थांबा, या आजारात चार दिवसांनी काही बिघडत नाही.

आता शाकाहारी घरात हा आला कुठून. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा राग असतो, जणू डॉक्टर त्यांच्यावर चोरून मटण खाल्ल्याचा आरोप करतायत. आरोप कुणी करत नाहीये. गोंधळ होतो कारण एकाच जंतामुळे दोन वेगवेगळे आजार होतात आणि दोघांचे रस्ते वेगळे आहेत.

जंताचं नाव टेनिया सोलियम, डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. रस्ता पहिला असा: डुकराच्या स्नायूत अळीच्या पिशव्या असतात, ते मांस कुणी अर्धकच्चं खाल्लं की आतली अळी त्या माणसाच्या लहान आतड्यात जाऊन भिंतीला आकड्यांनी चिकटते आणि वाढून पट्टीसारखा लांबलचक जंत होतो, २ ते ४ मीटर सहज, कधी त्याहून लांब. हा आतड्यातला जंत. १८५५ साली फ्रीडरिश क्युखेनमायस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे सिद्ध केलं ते कसं, तर फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत अळ्या असलेलं मांस खाऊ घातलं आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात छोटे पट्टकृमी शोधून काढले. आजच्या कुठल्याच एथिक्स कमिटीने हे पास केलं नसतं आणि तेव्हाही त्याच्यावर टीका झालीच, पण मुद्दा सिद्ध झाला. तर हा पहिला आजार मांस खाणाऱ्यालाच होतो, शाकाहारी माणसाला नाही, आणि गंमत म्हणजे ज्याला होतो त्याला फारसा त्रासच होत नाही. थोडं पोटात गुडगुड, बस. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

रस्ता दुसरा म्हणजे त्या जंताची अंडी. आतड्यातल्या त्या जंताचे शेवटचे तुकडे पिकून सुटत राहतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. पांढरट, चपटे, लांबट चौकोनी तुकडे, एकेका तुकड्यात ५० हजारांच्या आसपास अंडी. अंडं डोळ्याला दिसत नाही, मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या भागाएवढं असतं. आता ज्याच्या पोटात जंत आहे त्या माणसाने शौचानंतर हात नीट धुतले नाहीत, नखात अंडी राहिली, आणि त्याच हाताने त्याने दुसऱ्यासाठी खाणं केलं, पाणी भरलं, फळं चिरली, की संपलं. किंवा उघड्यावरचं शौच पाण्यात, शेतात, पालेभाजीवर गेलं. ही अंडी ज्याच्या पोटात जातील त्याला मेंदूतला आजार होऊ शकतो, तो मांस खातो की नाही याचा इथे काडीचा संबंध नाही. डुकराच्या बाबतीतही हेच होतं, ते माणसाची विष्ठा खातं, अंडी पोटात जातात आणि त्याच्या स्नायूत पिशव्या होतात. मेंदूत अळी असलेल्या माणसाच्या बाबतीत एवढंच झालेलं असतं की जी जागा डुकराची होती तिथे चुकून माणूस आला.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे, १९९२ मध्ये वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलेलं. कर्मठ ज्यू समाजातले चार पेशंट, एकमेकांशी नातं नाही, धर्माने डुकराचं मांस वर्ज्य आणि ते काटेकोर पाळणारे, आणि चौघांनाही मेंदूत हीच अळी. शोध घेतला तेव्हा धागा घरात कामाला असलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांपर्यंत गेला, त्यातल्या एकीच्या शौचाच्या तपासणीत टेनिया सापडलाही. यात त्या बाईला दोष द्यायचं कारण नाही, तिला स्वतःला माहीत असण्याची शक्यता शून्य. जंत बाळगणारा माणूस तुमच्या घरातला असेल, ऑफिसच्या कॅन्टीनमधला असेल, दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या प्रवासातला असेल, कुणीही असू शकतो.

आणि एक अफवा इथेच निकालात काढतो, कोबीतली हिरवी अळी पोटातून मेंदूत जाते ही. ती अळी म्हणजे फुलपाखराचं किंवा पतंगाचं पिल्लू, ती शिजते, पचते, मेंदूत बिंदूत काही जात नाही. कच्च्या पालेभाजीचा धोका असतो तो पानावर चिकटलेल्या, न दिसणाऱ्या अंड्यांचा. त्यामुळे भाजीतली अळी वेचून काढली म्हणजे काम झालं असं समजू नका, वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुणं आणि शिजवणं याने फरक पडतो.

अंडं पोटात गेल्यावर पुढे काय होतं ते थोडक्यात. पोटातल्या रसांनी त्याचं कवच सुटतं, आतून सहा आकडे असलेला गर्भ निघतो, तो आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि रक्त नेईल तिकडे जातो. स्नायूत, कातडीखाली, डोळ्यात, मेंदूत. दोन-तीन महिन्यांत पिशवी तयार होते. स्नायूत बसली तर कुणाला कळत पण नाही, कधी कातडीखाली वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ हाताला लागते. तुमच्या भावाच्या दंडावर, छातीवर, पाठीवर अशी काही गाठ असेल तर डॉक्टरांना दाखवा, निदानाला मदत होते.

संसर्ग नेमका कधी झाला ते शोधत बसू नका. ब्रिटिश सैन्यातले लोक हिंदुस्थानात नोकरी करून परत मायदेशी गेले आणि तिकडे त्यांना फिट यायला लागल्या, अशा ४५० जणांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला होता. बहुतेकांना पहिली फिट संसर्गानंतर काही वर्षांच्या आत आली होती, पण काही जणांत मधला काळ खूप लांब होता, अगदी दशकांच्या हिशोबात. म्हणजे मागच्या महिन्यात बाहेर काय खाल्लं याची उजळणी करून घरात कुणावर तरी खापर फोडण्यात काही अर्थ नाही.

आता तुम्ही रिपोर्टमधलं जे वाक्य लिहिलंय त्याच्याकडे येतो, "९ मिलिमीटरचं रिंग एनहान्सिंग लीजन, आत एक्सेंट्रिक डॉट, भोवती इडिमा". हे मराठीत सांगतो. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर गाठीची कड उजळली, म्हणजे कडेला सूज आणि दाह चालू आहे. आत मधोमध नाही, एका बाजूला एक बारीक ठिपका आहे, ते जंताचं डोकं. भोवतीचा पसरट भाग ती सूज. तो ठिपका दिसला की आम्ही जरा निवांत होतो, कारण त्याच्यासारखी खूण दुसऱ्या आजारात मिळत नाही. फिटचं वर्णनही जुळतंय. आधी उजव्या हाताचा अंगठा उडायला लागला, मग मनगट, मग पूर्ण हात, आणि मग तो बेशुद्ध झाला, नंतर तासभर हात जड होता, असं तुम्ही म्हणता. उजव्या हाताचा भाग मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, गाठ तिथेच आहे, तिथून विजेची गडबड सुरू झाली आणि पसरली. तासाभरचा जडपणा हा फिटनंतरचा थकवा, लकवा नाही, आणि तो उतरला हे चांगलं.

ठिपका दिसत नसेल तर मात्र खरी डोकेदुखी असते ती टीबीच्या गाठीची, कारण ती पण अशीच रिंग दाखवते. टीबीची गाठ सहसा २० मिलिमीटरपेक्षा मोठी, वेडीवाकडी, कधी मेंदूला एका बाजूला ढकलणारी, आणि पेशंटला ताप, वजन घटणं असं काही असू शकतं. अळीची गाठ सहसा २० च्या आत, गोल, आणि पेशंट एरवी ठणठणीत. एके काळी भारतात अशा छोट्या एकट्या गाठींना सरसकट टीबी धरून महिनोन् महिने टीबीची औषधं दिली जायची आणि गाठ गायब झाली की औषधाला श्रेय मिळायचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तेव्हा कळलं की त्यातल्या बहुतेक या अळीच्या आहेत, ज्या कुठल्याही औषधाशिवाय पण विरून गेल्या असत्या. त्या एका कामामुळे किती लोक विनाकारण टीबीच्या गोळ्यांपासून वाचले असतील याचा हिशोबच नाही.

रक्ताच्या तपासणीबद्दल पण विचारलंय, की ती निगेटिव्ह आली मग निदान चुकलं का. नाही. या अळीच्या अँटिबॉडी शोधणारी चांगली तपासणी आहे, पण मेंदूत एकच गाठ असेल आणि ती मरत असेल तर ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते. अनेक गाठी असतील तेव्हा ती भरवशाची. एका गाठीत स्कॅन हाच मुख्य पुरावा.

औषधांवर येऊ. फिटची गोळी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक सगळ्यात आधी बंद करतात. स्टिरॉइड सूज उतरवतं, ते रिकाम्या पोटी नको, आणि मनाने अचानक बंद तर अजिबात नको, उतरत्या डोसने थांबवतात. साखर असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कुणाला असेल तर ते आधी सांगा, कारण स्टिरॉइडने दबलेला टीबी वर येऊ शकतो. जास्त दिवस द्यायचं असेल तर डॉक्टर त्याची तपासणी करून घेतात.

जंताचं औषध म्हणजे अल्बेंडाझोल. इथेच घरच्यांचा गैरसमज आहे. शाळेत मुलांना देतात ती ४०० मिलिग्रॅमची एक गोळी वेगळी आणि मेंदूच्या आजाराचा डोस वेगळा, तो वजनावर असतो, किलोला दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, जास्तीत जास्त १२०० पर्यंत, १० ते १४ दिवस, आणि जेवणाबरोबर, त्यातही थोडं स्निग्ध असलेल्या जेवणाबरोबर, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषलंच जात नाही. एक-दोन गाठी असतील तर हे एकटं पुरतं. दोनपेक्षा जास्त जिवंत पिशव्या असतील तर सोबत प्राझिक्वांटेल हे जंताचं दुसरं औषध देतात, त्यात पुन्हा भानगड अशी की फिटच्या काही जुन्या गोळ्या आणि स्टिरॉइड त्या प्राझिक्वांटेलची रक्तातली पातळी पाडतात, म्हणून पेशंट आधीपासून कोणत्या गोळ्या घेतो हे डॉक्टरला माहीत पाहिजे. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, उलटी, एखादी फिट हे होऊ शकतं. औषध लागू पडतंय त्याचीच ती बाजू आहे, पण कळवायचं, घरी बसून सोसायचं नाही. लिव्हरच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या मधे करायला सांगितल्या तर टाळू नका.

पूर्ण वाळून खडू झालेल्या, म्हणजे कॅल्शियम साचलेल्या गाठीला हे औषध देतच नाहीत, तिथे मारायला काही उरलेलंच नसतं. तरीही रिपोर्टवर "जुना जंत" लिहिलेलं बघून दर वर्षी अल्बेंडाझोलचा कोर्स करणारे लोक मी बघितलेत, त्याचा उपयोग शून्य.

आणि काही पेशंटना तर ते औषध देणंच धोक्याचं. मेंदूभर शेकडो पिशव्या आणि सगळीकडे सूज, हा प्रकार जास्त करून लहान मुलांत आणि तरुण मुलींत दिसतो, डोकं भयंकर दुखतं, उलट्या, नजर धूसर, शुद्ध हरपत जाते. इथे अळ्या मारायच्या नाहीत, फक्त स्टिरॉइडने सूज उतरवायची. एकदम सगळ्या मेल्या तर माणूस हातचा जाऊ शकतो. मेडिकलमधून गोळी आणू नका म्हणून मी ओरडतोय ते यासाठी. स्कॅन न बघता कुणालाच माहीत नसतं आत एक आहे की शंभर आहेत.

तसंच पिशवी मेंदूच्या पाण्याच्या पोकळीत अडकली तर पाणी तुंबतं, मग आधी पाण्याची वाट मोकळी करावी लागते, दुर्बिणीने पिशवी काढतात किंवा शंट, म्हणजे पाणी दुसरीकडे वळवणारी बारीक नळी टाकतात. मान हलवली की अचानक डोकं ठणकणं, चक्कर येऊन कोसळणं ही त्याची खास खूण. मेंदूच्या बुडाशी द्राक्षाच्या घोसासारख्या वाढणाऱ्या पिशव्यांचा प्रकार तर सगळ्यात चिवट, त्याला महिनोन् महिने औषध चालतं. तुमच्या भावाला यातलं काही नाहीये, एकच गाठ आहे आणि मेंदूच्या पृष्ठभागाजवळ आहे. या आजारात नशिबाने मिळू शकणारा सगळ्यात सौम्य प्रकार हाच. अशी गाठ काही महिन्यांत औषधाने किंवा औषधाशिवायही विरते, औषधाने थोडी लवकर. म्हणूनच घाई नाही म्हणतोय.

हा जंत मेंदूत वाढत राहील का? नाही. एका पिशवीच्या दोन होत नाहीत, ती मेंदूत अंडी घालत नाही. अंडी फक्त आतड्यातला मोठा जंत घालतो. त्यामुळेच भावापासून कुणाला संसर्ग होत नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, त्याच्या शेजारी झोपायला हरकत नाही. फक्त एक अपवाद, त्याच्या स्वतःच्या आतड्यातही मोठा जंत असेल तर. तुम्ही शाकाहारी आहात म्हणता तर ते संभवत नाही, पण घराबाहेर तो काय खातो हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, आईसमोर नको.

घरातल्यांनी काय करायचं, तर घरात राहणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांची शौचाची तपासणी करा. एकदाच नाही, वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा, कारण अंडी रोज पडतातच असं नाही आणि एका नमुन्यात सहज निसटतात. शौचात पांढरे चपटे तुकडे कधी दिसलेत का हे प्रत्येकाला थेट विचारा, लाजून कुणी सांगत नाही. कुणाला सापडलाच तर निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेलने आतड्यातला जंत जातो. निक्लोसामाइड आतड्यातच राहतं, रक्तात फारसं जात नाही, त्यामुळे मेंदूत लपलेल्या अळीला ते डिवचत नाही, प्राझिक्वांटेल मात्र डिवचू शकतं. म्हणून ज्याला कधी फिट आलीय किंवा सतत डोकं दुखतं त्याने ते विचारूनच घ्यावं. लहान मुलाला हा आजार झाला असेल तर ही घरची तपासणी अजून महत्त्वाची, कारण त्याचं आयुष्यच छोटं, म्हणजे अंडी देणारा माणूस जवळपास आणि अलीकडचाच असण्याची शक्यता मोठी. हात साबणाने घासून धुणं, नखं कापलेली ठेवणं, हे शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी, यात नवीन काही नाही पण अंड्याचा रस्ता तिथेच तुटतो. आणि जे डुकराचं मांस खातात त्यांनी आतपर्यंत शिजवून खावं, अख्खा तुकडा असेल तर आत ६३ अंश सेल्सियस आणि खिमा असेल तर ७१.

मोठ्या पातळीवर हा रोग हटवता येतो हे पेरू देशाने दाखवलंय, तिकडच्या तुंबेस भागात माणसांना औषध, डुकरांना औषध आणि लस असं एकदम करून १०७ पैकी १०५ गावांत डुकरांमधला संसर्ग थांबवला, त्याचे निकाल २०१६ मध्ये आले. डुकरांची लस आता भारतातही बनते.

राहिला प्रश्न गोळ्या किती दिवस. जंताचं औषध दोन आठवडे, स्टिरॉइड त्याच्या आगेमागे, आणि फिटची गोळी त्याहून बरीच जास्त. साधारण ६ महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. गाठ पूर्ण विरलेली असेल, मधल्या काळात एकही फिट नसेल आणि आधी पण एक-दोनच आलेल्या असतील, तर गोळी हळूहळू कमी करून बंद करता येते. गाठीच्या जागी खडूसारखा कॅल्शियमचा ठिपका राहिला तर हिशोब बदलतो, कारण तो ठिपका पुढे कधीतरी पुन्हा सूज धरून फिट आणू शकतो, मग गोळी दोन वर्षं किंवा जास्तही चालते. आयुष्यभर घ्यावी लागणारे थोडेच. पण कमी करायचं ते डॉक्टरच्या कागदावर, "आता बरं वाटतंय" म्हणून नाही. बरं तर वाटणारच, गोळी चालू आहे ना.

तोपर्यंत गाडी चालवणं बंद, एकट्याने पोहणं बंद, उंचावर चढून काम बंद, बाथरूमची कडी आतून लावायची नाही. जागरण आणि दारू या दोन गोष्टींनी गोळी चालू असताना पण फिट येते. पुन्हा आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी सुरू झाली, तर सरळ हॉस्पिटल. फिट नसताना सुद्धा डोकेदुखी रोज वाढत चाललीय, उलट्या होतायत, दुहेरी दिसतंय, झोपाळू झालाय, असं असेल तरी त्याच दिवशी दाखवा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

डोळ्यांचा रिपोर्ट नॉर्मल आला की तो घेऊन जा, आणि डॉक्टरांना तीन गोष्टी लिहून द्यायला सांगा: अल्बेंडाझोल कोणत्या तारखेपासून, स्टिरॉइड त्याच्या आधी किती दिवस आणि नंतर कसं उतरवायचं, आणि पुढचा एमआरआय कोणत्या महिन्यात. जुनी फिल्म किंवा सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नको, सहा महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं.